भिंतीवरची बाई

आमच्या जिन्याखालच्या खोलीत मला ताठ उभं राहता येत नाही. जिथं ती सगळ्यात उंच आहे तिथंही स्लॅब टाळूला लागतो, आणि तिथून पुढं ती पायऱ्यांसोबत उतरत उतरत इतकी बुटकी होते की शेवटच्या कोपऱ्यात फक्त कांद्याची टोपली मावते. या उन्हाळ्यात मी त्या खोलीत चार दिवस काढले. चार दिवसांत डोकं अकरा वेळा आपटलं. अकरा हा आकडा बायकोचा. ती बाहेर बसून मोजत होती.

सदुसष्टाव्या वर्षी, फोटो स्टुडिओ बंद करून इतकी वर्षं उलटल्यावर, घरात डार्करूम मांडायची हौस कुणाला असणार? मला तर मुळीच नव्हती. माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेला, फोटो मोठे करायचा एन्लार्जर मी खाली उतरवला तो एकाच फोटोसाठी. तीसएक वर्षांपूर्वी मी एका घराला त्यांच्या गेलेल्या बाईचा फोटो म्हणून दुसऱ्याच बाईचा फोटो करून दिला होता. त्या घरातली मुलगी त्याच फोटोला आई म्हणत मोठी झाली. तिला तिच्या खऱ्या आईचा चेहरा करून द्यायचा आणि देताना खरं काय ते सांगायचं, एवढंच काम होतं. पहिल्या कामाला छत आडवं आलं. दुसऱ्याला माझी जीभ इतकी वर्षं आडवी आलीच होती.

आधी मूळची गोष्ट सांगतो. तिला मनातल्या मनात मी ‘चूक’ म्हणत आलो. चूक अर्ध्या तासाची होती. पुढचं सगळं मी जाणूनबुजून केलं.

त्या काळी परभणीत माझा स्टुडिओ होता. खेड्यापाड्यात तेव्हा माणसाचा फोटो निघायचा तो लग्नात, नाहीतर मेल्यावर. माणूस गेलं आणि घरात त्याचा एकही फोटो नाही असं लक्षात आलं की कुणीतरी एसटी पकडून फोटोवाल्याकडं यायचं. मयताला आंघोळ घालून, नवं लुगडं नाहीतर धोतर नेसवून भिंतीला टेकवून बसवायचे. मागून चादरीआड बसून कुणीतरी मान धरायचं. मी फोटो काढायचो आणि नंतर प्रिंटवर बारीक ब्रशनं डोळे उघडायचो. त्यात माझा हात चांगला होता. लोक म्हणायचे, हा फोटोवाला मेलेल्याला बघायला लावतो. मला त्याचा केवढा तोरा होता!

झरीच्या पुढं एका वस्तीवरून असाच निरोप आला. श्रावणातले दिवस. बाई पंचवीस-सव्वीसची, काविळीनं गेलेली. एसटीत उभ्याला जागा नव्हती. बाजूच्या माणसाशी गप्पा हाणत, पिशवी गुडघ्यात धरून, मी तिथंच कॅमेऱ्यात फिल्म भरली. ती स्टुडिओत नीट भरून घ्यायला हवी होती, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिचं कपाळ कुंकवानं भरलं होतं. मान सारखी डावीकडं कलत होती, म्हणून मी स्वतः हनुवटीला हात लावून चेहरा सरळ केला. अंगणात तिची दोन वर्षांची मुलगी कोंबडीमागं पळत होती. तिला कुणी थांबवत नव्हतं. मी बारा फोटो काढले, दोन शब्द बोललो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली तर ती काचेसारखी कोरी. फिल्मची जीभ रिळात अडकलीच नव्हती. कॅमेऱ्यावरचे आकडे पुढं सरकत होते आणि आत फिल्म जागची हलली नव्हती. तोवर तिकडं राख सावडून झाली होती.

तेव्हाच उठून जायचं होतं आणि हात जोडून सांगायचं होतं, फोटो आला नाही. मी गेलो नाही. आपलं नाव जाईल, पंचक्रोशीत हसं होईल, ही भीती. आणि तारेवर चार दिवसांपूर्वीची एक फिल्म वाळत होती. नवं भिंग बघायला म्हणून मी आमच्या परसात बायकोचे फोटो काढले होते. डोक्यावर पदर, चेहरा गंभीर, कारण ती माझ्यावर रुसली होती. वय तेच, तोंडवळा साधारण तसाच. मी ती निगेटिव्ह घेतली. ओठाजवळचा तीळ पुसला, नाकात ब्रशनं मुरणी काढली, कपाळावरचं कुंकू मोठं केलं. दोन रात्री खपलो. खरं सांगतो, ते काम इतकं सफाईदार झालं की मधेच मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्या कौतुकाची आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

दहाव्याला फोटो घेऊन गेलो. सासूनं तो हातात घेतला आणि म्हणाली, “लय येगळी दिसायलीय रे बाबा.”

“आजारपण पुसून टाकलंय, मावशी,” मी म्हणालो. “आधीची कळा आणलीय.”

हे वाक्य मी एसटीत बसून पाठ केलं होतं. मग तिच्या नवऱ्यानं फोटो घेतला. तो बिचारा दहा दिवसांत निम्मा झाला होता. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “अशीच होती.”

मी मजुरी घेतली नाही. त्यामुळं त्या घरात मी देवमाणूस ठरलो. पुढं कितीतरी वर्षं थंडीत त्या वस्तीवरून कोवळ्या हुरड्याची पिशवी यायची, सोबत तिळाची चटणी. बायको मिटक्या मारत खायची आणि विचारायची, “कोण हो ही माणसं? लय जीव लावतेत.” मी म्हणायचो, जुनं गिऱ्हाईक. तो हुरडा मला नकोसा व्हायचा, तरी मी खायचो, कारण न खाल्लं तर तिनं का म्हणून विचारलं असतं.

आणि एक भीती होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. मी स्वतःला विज्ञानाचा माणूस म्हणवतो, रसायनं हाताळत जन्म गेला. पण बायकोचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्या हाराचाच विचार करत होतो. तिला साधा ताप आला तरी मी तिला दवाखान्यात न्यायचो. डॉक्टर म्हणायचे, तुम्ही फार काळजी करता.

या वर्षी होळीनंतर एक दिवस ती मुलगी दारात उभी राहिली. आता ती शाळेत शिक्षिका आहे, तिला स्वतःची एक मुलगी आहे आणि परभणीत तिचं नवं घर होतंय. टॉवेलात गुंडाळून तो फोटो आणला होता. ओल लागून कडा गेल्या होत्या आणि काचेवर हाराचे पिवळे डाग होते.

“वास्तुशांतीच्या आधी मोठा करून पायजे, काका,” ती म्हणाली. “मोबाइलवरून काढला तर धूसर येतोय. बाबा म्हणाले, तुमीच काढला होता. निगेटिव्ह असंल ना?”

मी म्हणालो, बघावं लागेल. ती फोटोवरून बोट फिरवत होती. “सगळे म्हणतेत मी बाबांवर गेले. मी लहानपणी आरसा घेऊन ह्या फोटोसमोर बसायचे, काहीतरी सापडंल म्हणून. काही न्हाई सापडलं. पण माझ्या लेकीची हनुवटी बघा, अगदी आईची हाय.”

बायको चहा घेऊन आली होती. तिनं फोटो पाहिला. कप खाली ठेवले, पदर सारखा केला आणि मुलीला म्हणाली, “घे माय, चहा घे.” मुलीनं दोन्ही हातांनी कप घेतला आणि तिच्याकडं बघून हसली. इतकी वर्षं जिच्या फोटोला नमस्कार केला तीच समोर पिकल्या केसांनी उभी होती, आणि तिला काहीच कळलं नाही.

मुलगी फोटो ठेवून गेली. बायको म्हणाली, “त्या दिवशी मी का रुसले होते, आठवतंय का तुमाला?”

मी कप गोळा करायला लागलो.

“पंचमीला माहेरी जाऊ दिलं न्हवतं. आन वरून तुमीच म्हणाले, बस, फोटो काढतो. मी म्हणले होते, फाडून टाका तो.” तिनं फोटो उलटा करून ठेवला. “फाडला न्हाई तुमी. हार घातला.”

मग मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगत होतो. मला वाटलं ती कपाळाला हात लावेल, रडेल, माहेरच्यांना फोन करेल. दोन दिवस ती बोलली नाही. ताट असं आदळायची की आमटी सांडायची. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडं पाठ करून म्हणाली, “ती पोर परीक्षेला जाताना माझ्या पाया पडून गेली असंल. लग्नात माझ्यापुढं रडली असंल. कायबाय मागितलं असंल. आन मी हितं भाकरी थापत बसले होते. मला कळलंसुद्धा न्हाई हो.” तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “मला काय हाराचं पडलं न्हाई. तिची खरी आई शोधा. आन तुमच्या तोंडानं सांगा.”

शोधायचं कुठं? माझ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत गावागावाच्या पाकिटांत आहेत. आठ दिवस डबे उपसले. त्या वस्तीचं पाकीट सापडलं आणि आत एक निगेटिव्ह होती जी मी पार विसरलो होतो. ती बाई जायच्या आदल्या वर्षी तिथं बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा, त्याचा सामूहिक फोटो. तीन रांगा, प्रत्येकीच्या हातात पाटी. शिकवणाऱ्या बाईंनी पाकिटावर रांगेप्रमाणे नावं लिहून दिली होती. तिसऱ्या रांगेत शेवटून दुसरी. निगेटिव्हवर तिचा चेहरा ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान होता.

आधी मी ती बाजारातल्या एका डिजिटल दुकानात नेली. दुकानदारानं ती स्कॅन केली, मोठी केली, तर चेहऱ्याच्या जागी नुसता ढग. मग त्यानं कसलं तरी बटण दाबलं आणि पडद्यावर चेहरा लख्ख झाला. पापण्या, दात, गालावर चमक, सगळं आलं. फक्त ती कुणीतरी तिसरीच बाई होती. मी त्याच्यावर असा ओरडलो की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“काका, ते मनानं भरतं,” तो म्हणाला. “पण लोकांना असाच आवडतोय. कुणी वळखत न्हाई.”

मी निगेटिव्ह घेतली आणि दुकानाबाहेर पडलो. त्याला बोलायला मला कुठलं तोंड होतं?

म्हणून एन्लार्जर. तो कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. वर दिवा, त्याच्याखाली निगेटिव्ह, खाली भिंग, आणि हे सगळं डोकं एका उभ्या खांबावर खालीवर सरकतं. खाली कागद. डोकं जितकं वर न्याल तितका फोटो मोठा. ज्वारीच्या दाण्याचा तळहाताएवढा चेहरा करायचा तर डोकं कागदापासून माझ्या छातीएवढं वर हवं होतं. घरात पूर्ण अंधार करता येईल अशी एकच जागा, जिन्याखाली, आणि तिथं टेबलावर एन्लार्जर ठेवला की डोकं अर्ध्यातच स्लॅबला धडकायचं. टेबल काढून जमिनीवर ठेवला तर खांबच संपायचा. एन्लार्जरच्या पाटाखाली विटा घालून बघितल्या, काढून बघितल्या. मी वाकून, तो ताठ, आणि छत दोघांच्याही डोक्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाना भिंतीवर फेकून मारला.

“आडवा करा की मग त्याला,” बायको बाहेरून म्हणाली. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. वैतागून म्हणाली होती.

पण तेच खरं होतं. डोक्यामागचा जाड स्क्रू ढिला केला की दिवा आडवा वळतो आणि प्रकाश खाली पडायच्या ऐवजी समोरच्या भिंतीवर पडतो. उंची नसली तरी खोलीला लांबी होती. हे मला तरुणपणी माहीत होतं. इतकी वर्षं वापरलं नाही म्हणून डोक्यातून गेलं, आणि ते मला स्वयंपाकघरातून ऐकावं लागलं.

मग एन्लार्जर बुटक्या स्टुलावर कांद्याच्या बाजूला ठेवला आणि उंच बाजूच्या भिंतीवर प्लायवुडचा तुकडा ठोकला. भिंत आमच्या गवंड्यानं बांधलेली, म्हणजे तिला पोट होतं. फळी तिरकी राहिली तर चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा येतो. शेजारच्या बांधकामावरून ओळंबा मागून आणला. बायको मोबाइलची बॅटरी धरून उभी, मी गुडघ्यावर बसून फळीमागं पुठ्ठ्याचे तुकडे सारतोय. मग प्रकाशाची रिकामी चौकट भिंतीवर पाडून चारही बाजू पट्टीनं मोजल्या. वरची बाजू खालच्यापेक्षा जरा मोठी यायची. एक तुकडा काढायचा, पुन्हा मोजायचं. तिला पदरानं वारा घ्यायलाही हात मोकळा नव्हता, पण ती हलली नाही. इतक्या जवळ इतका वेळ आम्ही कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, मला माफ केलं असं काही. ती म्हणाली, “डाव्या अंगानं अजून सरकवा.”

कागद आणि रसायनं कुरिअरनं मागवली होती. दाराच्या फटींना गोधड्या लावल्या. बाहेर बेचाळीस अंश तापमान, आत लाल दिव्यात मी उघडा, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. रसायनं गरम झाली की कागद काळा पडतो, म्हणून ट्रे माठातल्या पाण्यात ठेवले आणि वर फ्रिजमधला बर्फ.

पहिला कागद जळाला, म्हणजे प्रकाश जास्त होऊन पार काळा आला. दुसऱ्यात चेहरा हललेला, एकाच्या जागी दोन नाकं. दीड मिनिट दिवा द्यायचा आणि तेवढ्यात वरच्या जिन्यावरून शेजारीण गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली होती. जिना हलला, की खोली हलते, की फोटो हलतो. मग बायको जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. वर जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवायची. “दोन मिनिटं थांब माय, आत काम चाललंय.” शेजारीण म्हणाली, “कशाचं काम?” बायको म्हणाली, “एका बाईला बाहेर काढायचंय.” मी आत ऐकत होतो.

चौथ्या कागदावर ती आली. आधी पाटीची कड, मग पदराची, मग चेहरा. दाणेदार, कडा विस्कटलेल्या, पण तिचा. कपाळ मोठं, डोळे बारीक, पुढचा एक दात जरा वर आलेला. ती हसत होती आणि दात दिसू नये म्हणून ओठ मिटायचा प्रयत्न करत होती. फोटो काढताना मीच काहीतरी बोललो असणार, ज्याला ती हसली. काय बोललो ते आठवत नाही. तिचे डोळे मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. माझ्या हातात तिची हनुवटी होती तेव्हा ते मिटलेले होते.

मी तिथंच वाकून उभा राहिलो आणि रडलो. कागद जास्त वेळ ट्रेत राहून जरा काळपट झाला. तोच आम्ही ठेवला.

रविवारी मुलगी आली. मी वाक्यं पाठ केली होती, जशी पूर्वी एसटीत केली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. फोटो तिच्या हातात दिला. तिनं बघितला आणि विचारलं, “ही कोण?”

“तुझी आई,” मी म्हणालो.

मग सांगितलं. कोरी फिल्म, तारेवर वाळणारी निगेटिव्ह, मुरणी, दहावा, तिच्या आजीचा प्रश्न, माझं उत्तर. कशावरही पांघरूण घातलं नाही. बायको दाराशी उभी होती. मुलीनं तिच्याकडं बघितलं, मग जुन्या फोटोकडं, मग परत तिच्याकडं. किती वेळ बघत होती. बायको हलली नाही, तिनं चेहरा तसाच समोर धरला, कुणीतरी फोटो काढत असल्यासारखा.

“काकू, तुमी?”

“व्हय माय.”

मुलीनं नवा फोटो पुन्हा उचलला. मी वाट बघत होतो. ओरडेल, फोटो फेकेल, निदान रडेल. मला ते हवं होतं, इतक्या वर्षांचं काहीतरी अंगावर यायला हवं होतं. ती म्हणाली, “दात माझ्यासारखा हाय.” मग बोट वरच्या ओठावर ठेवलं. बायको आत जाऊन पाणी घेऊन आली, पण मुलीनं ते प्यायलं नाही.

मग ती म्हणाली, “मोठा फोटो जुन्याचाच करून द्या.”

मला वाटलं माझं सांगणं नीट पोचलं नाही. “अगं, पण ती तुझी आई न्हाई.”

“मला कळलं. बाबांना कळायला नको.” ती शिक्षिकेच्या आवाजात बोलत होती, एकेक शब्द सुटा. “बाबांचं लगीन होऊन चारच वर्षं झाली होती. त्यांनी दुसरं केलं न्हाई. रोज सकाळी चहा घेऊन फोटोसमोर बसतेत. पाऊस झाला का, कापूस कसा हाय, माझ्या लेकीला किती मार्क पडले, सगळं तिला सांगतेत. आता ते सत्तरीकडं चाललेत, काका. त्यांना मी काय सांगू? तुमी ज्या बाईशी बोलत होता ती परभणीत चहा करायली होती म्हणून?”

मी बायकोकडं पाहिलं. मला वाटलं ती नको म्हणेल. हक्क तिचा होता.

“करा,” ती म्हणाली. “मला काय होतंय? चांगला मोठा करा.”

तर त्याच दुपारी मी पुन्हा जिन्याखाली गेलो. बायकोची जुनी निगेटिव्ह डब्यांत होतीच, आणि तिच्यावर चेहरा मोठा असल्यानं उंची लागत नव्हती. दिवा सरळ केला, एन्लार्जर जमिनीवर ठेवला आणि तीस वर्षांपूर्वीचं खोटं पुन्हा एकदा, आता तिघांच्या संमतीनं, ट्रेमध्ये सोडलं. पुन्हा तीळ पुसला, पुन्हा मुरणी काढली. याही वेळी काम चांगलं झालं. बाहेर स्वयंपाकघरात दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मी कान दिला, पण मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

प्रिंट वाळल्यावर मी ती पुठ्ठ्यात घालून दिली. मुलीनं खऱ्या आईचा लहान फोटो पर्समध्ये सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवला. बायकोच्या पाया पडली. माझ्या पडली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. मन हलकं झालं होतं, हे कबूल करतो. कितीतरी वर्षांनी छाती मोकळी वाटत होती, आणि मूर्खासारखं मी तिला म्हणालो, “आता मला सुखानं मरता येईल, पोरी.”

ती गाडीला किल्ली लावत होती. थांबली.

“बाबा फोटोशी बोलायला लागले की मी शेजारी बसते,” ती म्हणाली. “मधेच ते विचारतेत, काय गं, ऐकतीय ना तुझी आई? मी म्हणते, ऐकतीय, बाबा. आजवर ते खरं वाटायचं मला. उद्या सकाळी काय म्हणू, तेवढं सांगा.”

मी फाटकाची कडी धरून उभा होतो. तिनं थोडा वेळ खरंच वाट बघितली, मग गाडी सुरू केली आणि गेली.